सुनेचा पातळ लॅपटॉप

आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या सभेत माझी जागा ठरलेली होती: डाव्या भिंतीला, प्लगशेजारी. मान म्हणून नव्हे, गरज म्हणून. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती. वायर निघाली की तो लगेच काळा व्हायचा. विहाराच्या हॉलमध्ये कुणी नवखा लवकर येऊन त्या जागी बसलाच, तर बाकीचे त्याला उठवायचे, "चिटणीस बसतात तिथं." हे ऐकायला मला फार आवडायचं. एकोणीस वर्षं ऐकून ऐकून माझी अशी समजूत झाली होती की ती जागा प्लगमुळे नाही, माझ्यामुळे राखली जाते.

मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. रत्नागिरीकडचं आमचं गाव, त्यातली बौद्धवाडी, आणि वाडीतून पोटापाण्यासाठी इकडे आलेली चाळीसेक घरं. आता ती बहुतेक मुंबईच्या कडेला नवघर, गोडदेव आणि इंद्रलोकच्या बिल्डिंगींत आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला सभा. त्रिसरण-पंचशील झालं की पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. गेल्या महिन्यात कोण काय बोललं, काय ठरलं, ते चिटणिसाने उभं राहून वाचायचं. मग अध्यक्षांनी "कुणाची हरकत?" विचारायचं आणि सगळ्यांनी हात वर करून "कायम" म्हणायचं. एकदा कायम झालं की त्यातला एक शब्दही बदलायचा नाही. पूर्वी आमच्यात 'मी असं बोललोच नव्हतो' यावरून हातघाईवर यायची वेळ यायची, म्हणून हा नियम मीच आग्रहाने करून घेतला होता.

नोकरीभर मी एका खाजगी कंपनीत होतो, आधी टायपिस्ट, मग कंप्युटरवर. कंपनीने जुनी मशिनं भंगारात काढली तेव्हा हा लॅपटॉप मी साहेबांकडून मागून घेतला. चार्जर धरून तीन किलोच्या पुढे. शिवाय एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर न्यावा लागायचा, कारण हॉलमधला प्लग कधी ढिला, कधी जळका. फॅन सुरू झाला की जवळचा माणूस दचकायचा. पण त्याला काय नव्हतं? पेन ड्राइव्हची चार भोकं, सीडीचा ट्रे, टीव्हीची वायर थेट बसेल अशी सोय. इंद्रलोकहून गोडदेवपर्यंत तो खांद्याला लावून चालत यायचो तेव्हा डावा खांदा उतरायचा, आणि मी तो मुद्दाम थोडा जास्तच उतरवायचो. लोकांना दिसलं पाहिजे, चिटणीस काय वाहून आणतो ते.

सभेत मी कागदावर टिपणं घ्यायचो आणि घरी महिनाभर सावकाश टाइप करून पुढच्या सभेत स्क्रीनवरून वाचायचो. 'सविस्तर चर्चेअंती', 'सर्वानुमते', 'सदर ठरावास' असे शब्द जागच्या जागी बसले की मला जेवण गोड लागायचं. माझं इतिवृत्त ऐकून एकदा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले होते, "आमी एवडं चांगलं बोललो व्हतो?" त्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली ते माझं मला माहीत.

मग ती आली.

ती म्हणजे माझ्या चुलत पुतण्याची बायको. माहेर मराठवाड्यातलं, शिकलेली, कुठल्याशा कंपनीत घरूनच काम करणारी. लग्नानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या सभेला ती नवऱ्याबरोबर आली, बायकांच्या रांगेत सतरंजीवर बसली आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मग रुमाल काढला, मग लॅपटॉप काढला. मी आधी ती वही समजलो. रुपेरी रंगाचा, दुधाच्या पातेल्यावर झाकायच्या ताटलीएवढा जाड. तो तिने मांडीवर ठेवला, उघडला आणि टाइप करायला लागली. वायर नाही, बोर्ड नाही, आवाज नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती बोटांकडे बघत नव्हती. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती आणि बोटं खाली आपली चालूच.

सभा संपून चहा फिरत होता तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम वाजले. ग्रुपवर त्या दिवसाचं इतिवृत्त आलं होतं. त्याच दिवसाचं! चहा अजून गरम होता.

"काका, मी सहज केलं," ती माझ्याजवळ येऊन म्हणाली. "तुम्हाला उपयोगी पडलं तर बघा. नाहीतर डिलिट करते."

"नाही नाही, चांगलं आहे," मी म्हणालो. आणि घरी येऊन त्यात चुका शोधत बसलो. दोन सापडल्या. एका ठिकाणी उपस्थितांत एक माणूस राहिला होता, आणि एके ठिकाणी तिने 'ठराव मंजूर झाला' एवढंच लिहिलं होतं, 'सर्वानुमते' नव्हतं. ते मी बायकोला वाचून दाखवलं.

बायको भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, तुम्ही जळता तिच्यावर."

"मी कशाला जळू? पोरगी आहे ती."

"म्हणूनच जळता."

मी जळत होतो. आज ते कबूल करायला काही जात नाही. मला तिचा हेवा वाटत होता, पण आधी मी तो सगळा त्या लॅपटॉपवर काढला, कारण सुनेचा मत्सर करणं माझ्या वयाला शोभत नव्हतं आणि यंत्राचा केला तर त्याला मत म्हणता येत होतं.

दोन-तीन सभांनंतर अध्यक्षांनी विषय काढला की मंडळाने स्वतःचा एक लॅपटॉप घ्यावा. अध्यक्ष म्हणजे माझे थोरले चुलत भाऊ. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मंडळातल्या चाळीस घरांची माहिती, मुलांचे निकाल, लग्नांच्या याद्या, सगळं माझ्या एकट्याच्या मशीनमध्ये असणं बरं नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. कुठल्या पद्धतीचा घ्यावा, पातळ की नेहमीचा, याचं टिपण मी करून आणावं असं ठरलं. "तुला त्यातलं कळतं," दादा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आनि सूनबाईला पन इचार. तिच्याकडं हाय तसला."

मी तिला विचारलं नाही. एका शनिवारी दुपारी मी स्टेशनजवळच्या लॅपटॉपच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने आधी माझ्या चपलांकडे बघितलं.

"बोलिए अंकल, किसके लिए? बिटिया के लिए?"

"मंडल के लिए," मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही, पण त्याने एक पातळ लॅपटॉप काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी नेहमीच्या हिशोबाने हाताला जोर दिला होता, त्यामुळे हात एकदम वर गेला. तो हसला. "सबका ऐसाच होता है, अंकल. सवा किलो भी नहीं है."

"इसमें सीडी किधर डालने का?"

"सीडी अभी कौन डालता है, अंकल?"

"और पेन ड्राइव?"

त्याने मला कडेची दोन बारीक भोकं दाखवली. पेन ड्राइव्ह लावायचा तर कन्व्हर्टर लागतो, म्हणाला, बोटाएवढी एक वस्तू. टीव्हीला जोडायचं तरी तीच. "वो अलग से लेना पड़ेगा." मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पुढे त्याने सांगितलं की बॅटरी आत सीलबंद असते, गेली तर आपल्याला काढता येत नाही. मेमरीही नंतर वाढवता येत नाही. मी एकेक ऐकत होतो आणि माझं समाधान वाढत होतं. मग तो म्हणाला, "लेकिन अंकल, एक बार चार्ज करो, पूरा दिन चलेगा. किधर भी बैठो." आणि माझं तोंड उतरलं.

निघण्याआधी मी त्याच्यावर चार अक्षरं मराठीत टाइप करून बघितली. बटणं इतकी हलकी होती की बोट टेकायच्या आत अक्षर उमटत होतं. माझ्या मशीनवर 'क' दाबायला अंगठ्याची मदत लागायची. मी 'कायम' असा शब्द टाइप केला, पुसला आणि बाहेर पडलो.

घरी एका कागदावर मधे रेघ मारली. फायद्याच्या बाजूला मी प्रामाणिकपणे लिहिलं, कारण तो कागद कुणाला दाखवायचा नव्हता. खांदा दुखणार नाही. कुठेही बसता येईल, अगदी दारापाशी, अगदी बायकांच्या रांगेत. कुणी वारलं आणि त्या घरी पुण्यानुमोदनाला गेलो तर तिथल्या तिथे यादी करता येईल. आवाज नाही. चालू करून चहा घेऊन यावं एवढा वेळ घेणार नाही. उलट्या बाजूला कन्व्हर्टर, सीलबंद बॅटरी, मेमरी, सीडी, आणि पडला तर दुरुस्ती अवघड. लिहिता लिहिता फायद्याची बाजू खाली कागद संपेपर्यंत गेली. तेव्हा मी नवीन कागद घेतला आणि मंडळासाठी टिपण केलं. त्यात तोटे सविस्तर आले. फायद्यांना एक ओळ दिली: 'सदर लॅपटॉप वजनास हलका असल्याचे समजते.' असल्याचे समजते! ज्या हाताने तो उचलला होता त्याच हाताने मी हे लिहिलं.

सभेत टिपण वाचलं. मी घसा साफ करून 'सीलबंद' या शब्दावर जोर दिला. माना डोलल्या. दादांनी तिला विचारलं, "सूनबाय, तुजं काय म्हननं?"

ती उभी राहिली. "काकांचे सगळे मुद्दे बरोबर आहेत," ती म्हणाली. "कन्व्हर्टर लागतोच, माझ्या बॅगेत नेहमी असतो. माझं एवढंच म्हणणं आहे की काकांना दर सभेला तेवढं ओझं वाहायला लागू नये."

यावर हॉलमध्ये 'खरं आहे, खरं आहे' झालं. ती माझ्या बाजूने बोलली होती आणि त्यामुळे मी हरलो होतो. मला तिचा असा राग आला की मी खाली बघून वायर गुंडाळायला लागलो.

आणि मग दादा म्हणाले ते मी कधी विसरणार नाही. "लॅपटाप काय घ्यायचा ते वार्षिक सभेत ठरवू. नवी कार्यकारिनी पन तेवाच निवडायची हाय. एकोनीस वर्सं झाली, आता तुज्या खांद्याला जरा इश्रांती नको? पोरांच्या हातात देऊ की." ते मायेने बोलत होते. सगळे मायेने माझ्याकडे बघत होते, आणि मग सगळे तिच्याकडे बघायला लागले.

चिटणीसपद म्हणजे काय मोठं? ना पगार, ना भत्ता. पण नोकरी संपली होती. कंपनीत माझ्या खुर्चीवर दुसऱ्याच सोमवारी कुणीतरी बसलं होतं. मुलगा बंगळुरात, त्याचा फोन रविवारी, तोही सभेच्या वेळेला. महिन्यातून एकदा चाळीस घरं मी उभ्याने वाचलेलं ऐकून घेत होती, यापलीकडे माझ्याकडे काही उरलं नव्हतं. ते गेलं तर मी नुसता इंद्रलोकमधला एक म्हातारा होणार होतो.

वार्षिक सभेच्या आधी गुणगौरवाचा कार्यक्रम होता. दरवर्षी दहावी-बारावी झालेल्या मुलांना हार, पुस्तक आणि प्रमाणपत्र देतो. या वर्षी तिने ठरवलं की प्रत्येक मुलाचं नाव पुकारलं की टीव्हीवर त्याचा फोटो यावा. एका मुलीसाठी तर तिने खास गोष्ट केली होती. मुलगी गोडदेवला बापाबरोबर राहून दहावी झाली, ती पण पंच्याऐंशीच्या वर. आई गेलं वर्षभर गावाला, अंथरुणावरच्या सासूपाशी. तिला काही येता येणार नव्हतं. म्हणून सूनबाईने तिच्याकडून फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून मागवला होता. आई लेकीला शाबासकी देते आहे, असा. मुलीला सांगितलं नव्हतं, पण आम्हा कार्यकारिणीच्या लोकांना माहीत होतं. मला माहीत होतं.

त्या दिवशी मी सकाळी लवकरच हॉलवर गेलो, सवयीने माझा लॅपटॉप घेऊन. ती आधीच आली होती. टेबलावर तिचा लॅपटॉप, शेजारी तो पांढरा बोटाएवढा कन्व्हर्टर. ती स्वतः पलीकडे खुर्चीवर चढून बॅनरची दोरी बांधत होती, पाठ माझ्याकडे. तिचा नवरा हार आणायला गेला होता. मी टेबलापाशी गेलो, कन्व्हर्टर उचलला आणि पँटच्या खिशात टाकला. विचार असा काहीच केला नाही. विचार केला असता तर झालंच नसतं, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. दुकानातल्या माणसाने ती वस्तू दाखवली त्या दुपारपासून तिचा विचार माझ्या डोक्यात होता.

कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळेला तिने शोधाशोध सुरू केली. पिशवी उलटी केली, सतरंजी झटकली, नवऱ्याला घरी पिटाळायची भाषा झाली. हॉल भरला होता. मुलं नवीन कपड्यांत घामाघूम होऊन बसली होती. दादा घड्याळ बघत होते. आणि मी उठलो.

"थांबा," मी म्हणालो. "माझा आहे ना. याला टीव्हीची वायर थेट बसते."

काय सांगू त्या क्षणाचं! सगळ्यांनी वाट करून दिली. मी प्लगशेजारचं टेबल ओढलं, बोर्ड लावला, लॅपटॉप चालू केला. फॅन घोंघावला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "जुनं मशीन, पन बघा कामाला आलं." तिने तिच्या फाइली फोनवर घेतल्या आणि फोन वायरने माझ्या मशीनला जोडला. पंधरा मिनिटं गेली. पण फोटो आले. काही ताणलेले आले, एक आडवा आला, पण आले. प्रत्येक फोटोला टाळ्या पडत होत्या आणि त्यातली निम्मी टाळी मी माझ्या खात्यात टाकत होतो.

मग त्या मुलीचं नाव पुकारलं. ती पुढे येऊन उभी राहिली, हार घातला, आणि सूनबाईने माझ्याकडे बघून मान हलवली. मी व्हिडिओ चालू केला. टीव्हीवर आमच्या गावचं अंगण आलं, मागे फणसाचं झाड आणि पुढे तिची आई, डोक्यावर पदर घेतलेली. मुलीच्या तोंडातून "आई!" एवढंच आलं. आईने तोंड उघडलं आणि चित्र तिथेच थांबलं. आवाज नाही. मी पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच, उघडं तोंड आणि थांबलेलं. तिसऱ्यांदा मशीन पार बंदच पडलं. माझ्या जुन्या मशीनला तो व्हिडिओ झेपत नव्हता. तिचं पातळ मशीन दोन हातांवर तिथेच टेबलावर होतं, त्यात तो सुरळीत चालला असता, आणि त्याला टीव्हीशी जोडणारी वस्तू माझ्या मांडीला टोचत होती. मला नुसता खिशात हात घालून "अरे, हा बघ, खाली पडला होता" एवढंच म्हणायचं होतं. मी हात घातलासुद्धा. पण मग सगळ्यांनी वळून तिच्या लॅपटॉपकडे बघितलं असतं. मी हात तसाच बाहेर काढला.

"राहू दे काका," ती मुलगी म्हणाली. "मी घरी बघते." आणि काळ्या टीव्हीसमोर उभं राहून तिने प्रमाणपत्र घेतलं. टाळ्या वाजवताना तिचा बाप रुमालाने चष्मा पुसत होता.

कार्यक्रम संपल्यावर सगळे खाली वडापाव घ्यायला गेले. मी बोर्ड गुंडाळत होतो. सूनबाई जवळ आली आणि हात पुढे केला.

"काका, द्या ना तो."

"काय?"

"खुर्चीवरून वळले तेव्हा बघितलं मी," ती हळू म्हणाली. "तुम्ही काय करायलात ते आधी कळलंच नाही मला."

मी खिशातून कन्व्हर्टर काढून तिच्या हातावर ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"चारचौघांत तुमची लाज कशी काढू?" ती म्हणाली. मराठवाड्याचा हेल तिच्या बोलण्यात एरवी येत नाही, त्या वेळी आला. "मला वाटलं, गंमत करायलात, मी शोधायले बघून काढाल. मग वाटलं, त्या पोरीची आई दिसायली तवा तरी काढाल." एवढं बोलून तिने तो पिशवीत टाकला आणि ती खाली गेली. मी वडापाव घेतला नाही. बायकोला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

पुढचे पंधरा दिवस मी वाट बघत होतो, आता कळेल, आता दादांचा फोन येईल. कुणाचाच आला नाही. ग्रुपवर तिने गुणगौरवाचं इतिवृत्त टाकलं, कारण त्या दिवशी मी मशीनपाशी अडकल्यामुळे लिहायचं काम तिच्याकडे आलं होतं. मी ते उघडलं नाही. उघडायचं धाडस झालं नाही.

वार्षिक सभेला मी मुद्दाम लॅपटॉप नेला नाही. पहिला विषय, मागील सभेचे इतिवृत्त. दादांनी तिने छापून आणलेला कागद माझ्या हातात दिला. चिटणीस मी होतो, वाचायचं मीच होतं. मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. उपस्थिती, प्रास्ताविक, विद्यार्थ्यांची यादी. मग: 'ऐनवेळी तांत्रिक अडचण आली असता चिटणीस महोदयांनी स्वतःचा लॅपटॉप उपलब्ध करून दिला. त्यामुळे कार्यक्रम पार पडला. त्याबद्दल मंडळ त्यांचे सर्वानुमते आभार मानत आहे.' सर्वानुमते! तो शब्द ती माझ्याकडूनच शिकली होती.

"कुणाची हरकत?" दादांनी विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती. हरकत घ्यायला हॉलमध्ये एकच माणूस लायक होता आणि तो कागद हातात धरून उभा होता. सगळे हात वर गेले. मीही वर केला.

"कायम," दादा म्हणाले.

पुढचा विषय लॅपटॉपचा. पातळ घ्यायचा असं दोन मिनिटांत ठरलं, आणि तो चिटणिसाकडे राहील असंही. मग कार्यकारिणी. चिटणीसपदाची निवड असली की चिटणिसाने लिहायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे, त्यामुळे लिहायला ती बसली. दोघातिघांनी तिचं नाव घेतलं. ती मान वर करून म्हणाली, "नको. मला ऑफिसच्या मीटिंगा असतात, रविवार पण धड मिळत नाही. ऐनवेळी उभा राहणारा माणूस पाहिजे. मी काकांचं नाव सुचवते." हे ती इतकं सरळ म्हणाली की तिच्या आवाजात मला टोमणा शोधूनही सापडला नाही. मी तो खरंच शोधत होतो. टोमणा असता तर फिट्टंफाट झाली असती. मला तिच्या मशीनचा हेवा होता, तिच्या बोटांचा होता, वयाचा होता. पण त्या क्षणी जसा जळलो तसा आधी कधीच जळलो नव्हतो. तिला सोडून देता येत होतं. मला आयुष्यात एकदाही आलं नव्हतं.

मी बिनविरोध निवडून आलो. टाळ्या झाल्या. दादांना हुरूप आला. म्हणाले, "आवो, आभार मानले ते नुस्ते कागदावर? कुनीतरी फूल द्या त्याला. ये गो पोरी, तूच ये." आणि त्यांनी नेमकं त्या मुलीला पुढे बोलावलं, व्हिडिओवाल्या.

ती टेबलावरच्या फुलदाणीतला एक गुलाब घेऊन आली. वाकून नमस्कार केला, जयभीम म्हणाली. मग हसून म्हणाली, "काका, आईचा व्हिडिओ मी घरी बघितला. पप्पांच्या फोनवर. खूप रडलो आम्ही. तुमच्यामुळे निदान बाकीचा कार्यक्रम तरी झाला."

मी गुलाब घेतला. काहीतरी बोललो असेन, काय ते आठवत नाही. मी तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होतो. बायकांच्या रांगेत सूनबाई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि नेहमीसारखी बोटांकडे न बघता, सरळ माझ्या तोंडाकडे बघत टाइप करत होती. मुलगी काय म्हणाली, मी काय घेतलं, टाळ्या किती वाजल्या, सगळं उतरत होतं. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते उभं राहून मलाच वाचायचं होतं.